मग खरं काय धरायचं?

गेल्या महिन्यात मामेभाऊ विलासचा सकाळीच फोन आला. "ताई, आबा गेले गं. झोपेतच." मी सांगलीत शाळेत शिकवायला निघाले होते. तशीच पायरीवर बसले. शंकरमामांचा तो प्रश्न आता कुणी विचारणार नाही, एवढंच मनात आलं...

मामा फौजेतून हवालदार होऊन परतले आणि कडेगावजवळच्या आपल्या उसात रमले. सांगितलं ते ऐकायचं, ही सवय काही सुटली नाही. करोनाच्या दिवसांत मामींना ताप येऊन गेला आणि त्या बऱ्या झाल्या. गावात लस आली तेव्हा मामा त्यांना घेऊन रांगेत उभे राहिले. कुणी म्हणालं, आजार होऊन गेलाय, अंगात ताकद आलीय, थांबा. कुणी म्हणालं, मुळीच थांबू नका. टीव्हीवर तिसरंच. अखेर टेबलाशी बसलेल्या बाईंनी सांगितलं, "वरून सूचना आहे, थोडं थांबून या." मामा मामींना घेऊन घरी आले. त्या थांबण्यातच मामींना पुन्हा ताप भरला, आणि कराडच्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

पुढं सूचना बदलत राहिल्या. मामा म्हणायचे, "हुकूम बदलतो, ते मला ठावं हाय. पण आदीचा चुकला हुता का आत्ताचा चुकतोय? मग खरं काय धरायचं?"

एकदा मी त्यांच्याबरोबर कराडला, मामींवर उपचार केलेल्या डॉक्टरांकडं गेले. मामांनी विचारलं, "तवा थांबाया सांगितलं, ती चूक हुती का?" डॉक्टर म्हणाले, "मामा, तेव्हा जेवढं कळलं होतं, तेवढंच आम्ही सांगत होतो. लस घेतली असती तर धोका बहुधा कमी झाला असता. पण मामी वाचल्याच असत्या, असं मी नाही म्हणू शकत." येताना एसटीत मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चूक झाली म्हनला असता तर भांडलो असतो. न्हाई झाली म्हनला असता तर गप बसलो असतो. आता काय करू गं?"

गेल्या वर्षी मी मामांकडं गेले होते, तेव्हा त्यांच्या शेजारची सून बाळाला गोवराची लस द्यायला तयार होईना. "डाक्टरच सारखं बदलत्यात. आवं आबा, तुमच्या घरात काय झालं, ते तुमीच सांगा की." सगळे मामांकडं बघू लागले. मला वाटलं, आता हे 'नको'च म्हणणार. मामा सावकाश म्हणाले, "पोरी, तो आजार समद्यांनाच नवा हुता. गोवर आमच्या आईलाबी ठावा हुता. कळत न्हाई म्हंजे नको, असं न्हवं. ऊठ, मी येतो संगं." आणि गेलेही. परत आल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "बरोबर बोललो का गं मी?" मी हो म्हटलं. "नक्की?"

गेल्या रविवारी आम्ही त्यांचं घर आवरलं. पहिल्या तापात मामी मधल्या खोलीत एकट्या असायच्या आणि मामा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून त्यांच्याशी बोलायचे. त्या गेल्यावरही ते रोज चहा घेऊन तिथंच बसत, खोलीकडं तोंड करून. आत जायला आता कुणाची मनाई नव्हती, तरी उंबरा ओलांडत नसत. विलासनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, हिला आत ठेवू का बाहेर नेऊ?"

खुर्ची अजून तिथंच आहे...