गोठा तपासणी, खोली नंबर नऊ

तुमची गाय अडली, वासराचे पाय तेवढे बाहेर आले, की ज्या डॉक्टरच्या दाराकडे तुम्ही पळत सुटता, त्या दाराची उंची किती आहे हे कधी बघितलंत?

नाही ना? मग ऐका. पाच फूट दोन इंच. वाकला नाहीत तर कपाळावर टेंगूळ ठरलेलं.

त्या दाराआड, खोली नंबर नऊमध्ये, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरबाई आणि तिची आई राहत. बाई म्हणजे कशी, तर खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून उलटं वासरू सुलटं करणारी, आणि वर मालकाला "शेपटी धर, माझं तोंड काय बघतोस?" असं सुनावणारी. पण पगाराचा आकडा सांगितला, तर कॉलेजातल्या मैत्रिणींना वाटायचं ही थट्टा करतेय. त्यातला निम्मा भाड्यात जायचा. उरलेल्यात गॅस, बस, आईच्या गोळ्या. दिवसभर वीस-वीस लिटर देणाऱ्या गाई तपासायच्या आणि घरी येताना अर्ध्या लिटरची पिशवी घ्यायची.

घरभाडं भत्ता मिळे, नाही कसा! पण तो गावाच्या वर्गावर ठरायचा आणि कागदावर हे गाव तिसऱ्या वर्गात, म्हणजे स्वस्तात मोडत होतं. वर्ग ठरला तेव्हा गावात एकच बसथांबा होता. त्यानंतर बाहेरच्या रस्त्याला चार कारखाने आले, भाडी तिप्पट झाली, भाजीनंही कारखान्याचा भाव धरला. कागद मात्र जागचा हलला नाही. बाईच्या आधीचे तीन डॉक्टर याच पायी वर्षाच्या आत निघून गेले. लोक त्यांना पळपुटे म्हणाले. म्हणणाऱ्यांपैकी एकानंही त्यांना कुठं राहता, असं विचारलं नव्हतं.

बाईनं चार अर्ज केले. पहिल्या तिन्हींना एकच उत्तर आलं, 'अर्ज योग्य शाखेकडे पाठवला आहे.' चौथा परत आला, कारण शिक्का तिरका पडला होता. तेवढ्यात पशुखाद्याच्या एका कंपनीचं पत्र आलं: तिप्पट पगार, शहरात घर, महिनाअखेर कळवा.

आईनं ते पत्र शेगडीच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे येता-जाता दिसावं. म्हणाली, "एक तर खोली बदल, नाहीतर नोकरी. या ओलीनं माझे गुडघे गेले. आता तुझी अक्कल जायची वाट बघू का?"

बाईनं आईच्या हातावर गोळ्या ठेवल्या. तिला जायचं नव्हतं. हा दवाखाना तिनं कुलूप तोडून उघडला होता. ती गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ती एका गोठ्याच्या तपासणीला गेली. गोठ्यात जनावरं ठेवायची तर छप्पर किती उंच, उजेड किती, सांडपाण्याला उतार कुठं, दर गाईमागं जागा किती, याचं एक छापील पत्रक असतं. ते भरून खाली डॉक्टरनं 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहायचं. गोठेवाली मावशी तोंडाची फटकळ. तिचं नवं छप्पर अर्धा फूट कमी भरलं आणि बाईनं सरळ लिहिलं, 'अयोग्य'.

"अर्ध्या फुटासाठी?" मावशी कडाडली. "अहो डॉक्टरबाई, मी आलेय तुमच्या खोलीवर. तिथं माझी कालवडसुद्धा पाय ठेवायची नाही. आधी स्वतःचं छप्पर बघा!"

बाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. रस्ताभर ती स्वतःशी भांडत आली. दारात वाकली आणि तशीच वाकलेली थांबली. मग पिशवीतून टेप काढला.

"आई, हे टोक धर."

"आता काय मोजतेस? कफन शिवायचंय का?"

छप्पर पाच फूट सहा इंच. गाईला आठ लागतं. खिडकी नाही. मोरीचा उतार उलटा, पाणी आत येतं. कॉट आणि ओटा वगळून उरलेली जागा एका गाईपुरतीही नव्हती. बाईनं कोरं पत्रक घेतलं आणि एकेक रकाना भरत गेली. जनावरांची संख्या: दोन.

आईनं चष्मा लावून वाचलं. "मला जनावरांत मोजलंस?"

"जनावरांत मोजल्याशिवाय इथं कुणी बघायला येत नाही, आई."

आणि तेच खरं होतं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: शेरा 'अयोग्य' असल्यास वरिष्ठांनी पंधरा दिवसांत समक्ष पाहणी करावी. माणसाच्या अर्जाला मुदत नव्हती, गाईच्या छपराला होती! बाईनं 'अयोग्य' लिहिलं, सही केली, शिक्का पट्टी लावून सरळ मारला आणि रोजच्या टपालात पत्रक ढकलून दिलं.

तेराव्या दिवशी मोठे साहेब आले. रागानं आले आणि रागात वाकायचं विसरले. खोलीतलं आईचं स्टीलचं भांडं वाजावं, तसा आवाज झाला.

"या," आई म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांचं होतं."

साहेब कपाळ चोळत ओरडले, "हा काय चावटपणा आहे? हे पत्रक माणसांसाठी नाही!"

"मग माणसांचं द्या, साहेब. तेही भरते."

साहेबांकडं तसं पत्रक नव्हतं. ते छापलेलंच नव्हतं.

"खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई होईल."

बाईनं टेप पुढं केला. "कुठला रकाना खोटा, ते मोजून सांगा."

साहेबांनी मोजलं. मान तिरकी करून, कारण सरळ उभं राहायची सोय नव्हती. एव्हाना दारात गर्दी जमली होती आणि सगळ्यांत पुढं गोठेवाली मावशी, कमरेवर हात ठेवून.

"लिहा ना साहेब, 'योग्य' लिहा," ती म्हणाली. "मग मीही उद्या माझं छप्पर इतकंच खाली घेते. खर्च तरी वाचेल. तुमच्या सहीचा कागदच दाखवीन सगळ्यांना!"

साहेब अडकले. 'योग्य' लिहावं तर असल्या छपराचे सगळे गोठे पास करावे लागतील, 'अयोग्य' लिहावं तर नियमानं तीस दिवसांत आत राहणाऱ्यांना चांगल्या जागी हलवण्याची जबाबदारी खात्याची. पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग खाली आलं. अयोग्य.

आता त्या भत्त्यात बसेल अशी जागा शोधा! साहेब स्वतः दोन दिवस गावभर हिंडले. भाडं ऐकून एका घरमालकाला म्हणाले, "पूर्ण घर नको, एक मजला सांगा." तो म्हणाला, "एका खोलीचंच सांगितलंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी भाड्यांची यादी, भाजीचा भाव, बसचं तिकीट, सगळं जोडून अहवाल वर पाठवला. उपकार केले, असं म्हणू नका. सहीनं त्यांना बांधलं होतं.

महिना भरायच्या आत गाव पहिल्या वर्गात गेलं. भत्ता एकट्या बाईचा वाढला नाही. जनावरांच्या जखमा बांधणाऱ्या ड्रेसरकाकांचा वाढला, झाडलोट करणाऱ्या दोघींचा वाढला, वर्षभर बंद असलेल्या नदीपलीकडच्या दवाखान्याला डॉक्टर मिळाला. ड्रेसरकाकांनी त्या दिवशी दवाखान्यातल्या बैलालासुद्धा 'साहेब' म्हणून हाक मारली.

नव्या घरात आई पहिल्यांदा शिरली ती सवयीनं वाकूनच. मग हळूच सरळ झाली. हात वर केला, टाचा उंचावल्या. बोटं छताला लागेनात.

"अगं, लागत नाही!" ती ओरडली आणि पुन्हा हात वर करून बघितला.

टेबलाचा एक पाय आखूड होता. कंपनीच्या पत्राची चौघडी त्याखाली चपखल बसली. मावशीनं छप्पर अर्धा फूट वर घेतलं आणि 'योग्य'चा कागद घ्यायला स्वतः दूध घेऊन आली. बाईनं पैसे दिल्याशिवाय दूध घेतलं नाही. दोघी त्यावरून कचाकचा भांडल्या.

आता तुम्ही. तुमच्या जनावरांना बरं करणारा माणूस कुठं राहतो, ते जाऊन बघा. बरोबर टेप न्या. आणि जे मोजाल, ते आकडे लिहून, खाली सही ठोकून, उद्याच्या टपालात टाका.