ऑस्ट्रेलियाच्या बर्वेबाई

खोलीत पाऊल टाकलं की बर्वेबाई पहिल्यांदा एसी बंद करायच्या. आणि खोली कुठली, तर बहारीनमधली, भर जुलैतली. बाहेर उभं राहिलं तर चपलेतून तळवे भाजावेत अशा दुपारी या बाई रिमोट उचलायच्या, एसी गप्प करायच्या, जाड पडदे ओढायच्या आणि फरशीवर बसकण मारायच्या. थोड्याच वेळात त्यांचा गोरा चेहरा टोमॅटोसारखा व्हायचा, मानेवरून घाम ओघळायचा. पण एसी लावायचं नाव नाही. "हे यंत्र मुलांच्या वाटणीचा आवाज खातं," असं त्या म्हणायच्या. माझा नवरा विलास एसी दुरुस्तीचंच काम करतो. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, बिघडला असेल. तो खुर्ची ओढून बघायलाच निघाला होता.

त्यांचं खरं नाव बार्बरा. स्वतःची ओळख त्या नुसतं 'बार्ब' अशी करून द्यायच्या. आमच्या सासूबाईंनी गुहागरहून फोनवर ते नाव ऐकलं आणि विचारलं, "बर्वे? म्हणजे आपल्याकडचीच की गो!" ऑस्ट्रेलियाच्या आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "असतील. बर्वे कुठेही जातात." तेव्हापासून आमच्या घरात त्या बर्वेबाईच झाल्या. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा इतक्या हसल्या, की पुढे फोनवरसुद्धा "बर्वेबाई बोलतेय" असं म्हणू लागल्या. त्यांच्या तोंडी ते 'बारवे बाय' व्हायचं.

आमची सई अडीच वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. तपासण्या झाल्या, दोन्ही कानांना ऐकू येत नाही असं निघालं, कानामागे यंत्रं बसवली आणि आम्हाला रिफा गावातल्या एका केंद्रात पाठवलं. तिथे बहिऱ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणाऱ्या या बाई होत्या. साठी उलटलेल्या, उंच, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी सँडल.

त्याआधी आम्हाला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता: मुलीशी फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी गोंधळेल, उद्या शाळाही इंग्रजीच आहे. विलासचं इंग्रजी कामापुरतं, माझं बारावीचं. तरी आम्ही नेटाने "कम सई, सिट सई, ईट सई" करत होतो. पहिल्या भेटीत बर्वेबाईंनी ते काही वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "तू रागावतेस कुठल्या भाषेत?"

"मराठीत," मी म्हटलं.

"आणि आईशी फोनवर?"

"मराठीत."

"मग तुझ्याकडे घरभर सामान असताना या पोरीला तू दाराबाहेर उभी करून एक वाटी का देतेस?" असं म्हणून त्यांनी सईला माझ्या मांडीवर बसवलं. "बोल तिच्याशी. तुझ्या भाषेत. इंग्रजी शिकवायला पुढे सगळं जग बसलंय. मराठी तिला तुझ्याशिवाय कोण देणार?"

मी काय बोलले ते आता आठवत नाही. नईम भागातल्या आमच्या खोलीतला नळ, खालच्या दुकानातला मलबारी, असंच काहीतरी. पण कितीतरी दिवसांनी मी माझ्या लेकीशी पोटभर बोलत होते, आणि बोलता बोलता रडत होते. बर्वेबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "छान. आता हेच, पण जरा कानाजवळून."

त्यांच्याकडे चित्रांचा एक गठ्ठा होता. बाजारात मिळणाऱ्या चित्रांमध्ये बाई झाडू मारायची, कपडे धुवायची नाहीतर पोळ्या लाटायची. बर्वेबाई चिडायच्या. "माझ्या मुली इतक्या कष्टाने शब्द मिळवतात. त्यांना क्रियापदं तरी चांगली मिळू देत!" म्हणून त्यांनी आपल्या देशातल्या बायकांचे फोटो कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून घरीच चित्रं केली होती. समुद्रात पोहणारी, शर्यतीत पळणारी, विमान उडवणारी, दुर्बिणीतून तारे बघणारी, काळा झगा घालून न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेली, रंगमंचावर गाणारी, वाळवंटात बसून जमिनीवर पसरलेलं मोठं चित्र रंगवणारी एक काळी म्हातारी. प्रत्येकीबद्दल त्या अभिमानाने सांगायच्या, जणू सगळ्या त्यांच्या मावश्याच. मी ते सईला मराठीत सांगायचे: ही पोहते, ही पळते, ही उडवते. त्या बायकांना कधी कल्पना तरी असेल का, की त्यांच्या जिवावर गुहागरची एक पोर मराठी शिकतेय!

एकदा मला म्हणाल्या, "तुझ्याकडच्या बायका आण." मी माझ्या आजीचा होडी वल्हवतानाचा फोटो नेला. तो त्यांनी विमानवालीच्या शेजारी ठेवला.

पण काही महिने गेले तरी हाक मारल्यावर सई मागे वळेना. बर्वेबाईंनी एक दिवस आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की या साध्या यंत्रांचा तिला उपयोग नाही, ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवावी लागेल, आणि जितक्या लवकर तितकं बरं. तेव्हा सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. "माझ्या नातीचं डोकं फोडायचं नाय. विलाससुद्धा चार वर्षांचा होऊन बोलला. आमच्या घराण्यातच उशीर आहे." आईपुढे विलासचं काही चालेना. घरात जेवणं होत, पण बोलणं होईना.

हे कळल्यावर बर्वेबाई स्वतः आमच्या घरी आल्या. जिने चढून धापा टाकत, हातात खजुराचा डबा. सासूबाईंनी त्यांना आंबोळी वाढली, त्यांनी दोन खाल्ल्या. सई खिडकीपाशी पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. खाऊन झाल्यावर बर्वेबाई मला म्हणाल्या, "आजीला सांग, सईला हाक मारायला. शेतातून मारतात तशी."

सासूबाईंचा आवाज म्हणजे डोंगरावरून खाडीपर्यंत पोचणारा. त्यांनी हाक मारली, "सई! ए सये!" खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून बाहेर आलं. सई ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती. सासूबाई तिच्या अगदी मागे जाऊन ओरडल्या, "सये, बाय माझे!" सईने मान हलवली नाही. सासूबाई तिथेच खाली बसल्या.

बर्वेबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मग स्वतःबद्दल सांगितलं. त्यांचं घर मेंढ्यांच्या एका दूरच्या शेतावर. धाकटी बहीण कॅथ जन्मतः बहिरी. "आम्ही तिच्यावर प्रेम करायचो, पण हळूहळू तिच्याशी बोलणं सोडून दिलं. उपयोग काय, म्हणून. मग तिला लांबच्या शाळेत पाठवलं. सुट्टीत यायची तेव्हा जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे बोलायचो आणि ती आमची तोंडं बघत बसायची." मी वाक्यावाक्याला थांबून सासूबाईंना मराठीत सांगत होते. "कान बंद असले तर त्यावर काही ना काही वाट निघते, आजी. घर मुकं झालं, की वाट नाही."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग विलासकडे बघून म्हणाल्या, "मुंबईचं तिकीट काढ."

ऑपरेशन मुंबईला झालं. जखम भरल्यावर यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सईने किंकाळी फोडली, डोक्याला चिकटलेली चकती ओढून फेकली आणि दिवसभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आम्हाला वाटलं होतं, ती हसेल, 'आई' म्हणेल. परत आल्यावर मी बर्वेबाईंपुढे रडत हे सांगितलं, तर त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "रडली? आवाज ऐकून रडली? शाब्बास! आजवर तिला रडायला तेवढंही मिळालं नव्हतं."

'शाब्बास' हा त्यांचा आवडता शब्द झाला होता. तो त्या मुलांना, आयांना, टॅक्सीवाल्यालाही म्हणायच्या. दुसरा आवडता शब्द 'थांब', तो मात्र फक्त आम्हा आयांना. मुलाला काही विचारलं की आम्ही लगेच उत्तर सुचवायचो. बर्वेबाई बोट वर करायच्या, "टांब." मग ती शांतता. मूल विचार करतंय, घाम गळतोय, आणि ही बाई अशी निवांत, की जणू संध्याकाळपर्यंत बसायची तयारी आहे. "तिच्या तोंडातलं उत्तर पळवू नकोस," म्हणायच्या.

सासूबाईंचा व्हिसा वाढवून घेतला, कारण बर्वेबाईंच्या मते आख्ख्या बहारीनमध्ये त्यांच्याइतकी चांगली शिक्षिका नव्हती. त्या दिवसभर बोलायच्या. लसूण सोलताना लसणाबद्दल, केस विंचरताना उवांबद्दल, देवाला दिवा लावताना देवाच्या चुकांबद्दल.

आणि एका शुक्रवारी दुपारी, विलास घरी असताना, आमचा खिडकीतला जुना एसी ठक्क करून सुरू झाला. सईने मान वळवली. एसीकडे बघितलं, मग स्वतःच्या कानावर बोट ठेवलं. आम्ही कुणी हललो नाही. विलासने उठून एसी बंद केला. सई वाट बघत राहिली. त्याने चालू केला, ठक्क! सई हसली. हजारो एसी उघडून जोडणारा माझा नवरा त्या दिवशी जमिनीवर बसून नुसता एक खटका खालीवर करत होता आणि त्याला घाम आणि डोळे पुसायचं भान नव्हतं.

त्याच वर्षी केंद्रात बर्वेबाईंना भेटायला ऑस्ट्रेलियाहून एक तरुण मुलगी आली. वकील होती. केस बाजूला केले तेव्हा दिसलं, तिच्याही डोक्याला तशीच चकती. तिच्याकडून आम्हाला कळलं, की बर्वेबाई तिकडे केवढ्या मोठ्या. तरुणपणी स्वतः ट्रक चालवत, दिवसचे दिवस धुळीतून प्रवास करत त्या दूरदूरच्या शेतांवर आणि वस्त्यांवर जायच्या, बहिऱ्या मुलांच्या आयांना शिकवायच्या. त्या भागात हे काम त्यांनीच सुरू केलं. सरकारने त्यासाठी त्यांना पदक दिलं होतं. मी बर्वेबाईंना पदकाबद्दल विचारलं. "असेल घरी कुठल्यातरी खणात," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी काय बोलणार? ते काही उत्तर देत नाही."

सईला सगळ्यात अवघड गेला तो 'स'. रोज सकाळी यंत्र लावलं की मागून सहा आवाज काढायचे: आ, ऊ, ई, म, श, स. आवाज आला की तिने हातातला ठोकळा डब्यात टाकायचा. पाच व्हायचे, 'स'ला ठोकळा हातातच राहायचा. बर्वेबाई कपाळाला हात लावायच्या, "या पोरीचं नाव 'स'वरून कुणी ठेवलं!" सई स्वतःला 'अई' म्हणायची, आणि हाक मारली की वळायची ती 'ई' ऐकून.

एका सकाळी बर्वेबाई तिच्या मागे बसून हलकेच म्हणाल्या, "स्स्स." ठोकळा हातातच. मी पुढे सरकले, तर बोट वर झालं. टांब. आम्ही थांबलो. बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं. आणि ठोकळा डब्यात पडला. सई मागे वळून बर्वेबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आपले दात एकमेकांवर टेकवून तिने फुंकर घातली. "स्स." थांबली. "स्स... अई."

त्या दिवशी बर्वेबाई 'शाब्बास' म्हणायला विसरल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसतेय असं दाखवत बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

सई पहिलीत गेली त्या वर्षी बर्वेबाईंनी नोकरी सोडली. त्यांच्या हूरा भागातल्या फ्लॅटवर आम्ही निरोप द्यायला गेलो. सामान बांधून झालं होतं. मी म्हटलं, आता आराम करा. तर म्हणाल्या, "कुठला आराम? कॅथकडे राहायला जातेय. ती एकटी पडलीय. ती हातांच्या खुणांनी फार सुंदर बोलते, आणि मला तेवढं येत नाही. जन्मभर लोकांच्या मुलांना शिकवलं, आता तिच्यापुढे विद्यार्थी होऊन बसणार. पोरवयापासूनचं बोलणं राहिलंय आमचं."

मी निरोपाचं भाषण इंग्रजीत मनात जुळवून आणलं होतं. ते तसंच राहिलं, कारण सई त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि सुरू झाली. शाळेतल्या मैत्रिणीने तिचा रबर घेतला, मग वर्गातल्या बाई सईलाच ओरडल्या, मग डब्यात भेंडीची भाजी निघाली, आजीने गुहागरहून फोनवर सांगितलं की म्हशीला रेडकू झालं आणि त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. सगळं मराठीत, एका दमात, मधूनमधून 'कळलं का?' करत. बर्वेबाई मान हलवत होत्या, भुवया उंचावत होत्या, रबराच्या जागी गंभीर होत होत्या आणि रेडकाच्या जागी हसत होत्या.

मला राहवलं नाही. मी पुढे वाकून म्हटलं, "काय म्हणतेय ते सांगू का?"

त्यांनी सईवरची नजर काढली नाही.

"नको," म्हणाल्या. "बोलू दे तिला."