फळीची रजा

आमचे सासरे, सुभेदार मामंजी, हलणाऱ्या वस्तूचे वैरी होते. फौजेतून पेन्शन घेऊन आले आणि कडेगावात किराणा दुकान काढून बसले, पण अंगातली शिस्त काही उतरेना. बाकडं भिंतीला, घड्याळ खांबाला, सगळं स्क्रूने आवळलेलं. सासूबाईंचा मिसळणाचा डबासुद्धा फडताळाला पक्का. फोडणी करायची तर आम्ही कढई उचलून डब्यापाशी न्यायचो. "हाललं की बिघाडलं," असं त्यांचं म्हणणं.

भर पावसाळ्यात त्यांनी दुकानाच्या काउंटरवर आंब्याची रुंद फळी बसवायला काढली. सुतार म्हणाला, "लाकूड फुगतं, आकसतं. जरा जागा ठेवा, सुभेदार." मामंजी म्हणाले, "माज्या दुकानात कुनी ढिलं ऱ्हानार न्हाई." आणि स्वतःच्या हाताने चारी कडांचे स्क्रू पिळून घट्ट आवळले.

उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, कवठे महांकाळला. तयारीपासून तिथं असावं म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. मामंजींचा हुकूम आला, "सकाळच्या यष्टीनं जायाचं, अक्षता टाकायच्या, सांजच्याला परत हजर." मी तांदूळ निवडता निवडता ढसाढसा रडले.

त्याच दुपारी दुकानात फाडकन आवाज झाला. मामंजी क्षणात साखरेच्या पोत्याआड आडवे. "फायरिंग! समदी खाली!" गिऱ्हाईकही बिचारं झोपलं. शत्रू काही सापडला नाही. फळी मात्र उन्हाळ्यात आकसून या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

सुताराला पुन्हा बोलावलं. नवी फळी आली. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं, म्हणजे फळीला सरकायला जागा. मामंजी काउंटरखाली उताणे पडून तपासणी करत होते.

"म्हंजे हिला रजा द्यायाची म्हना की," ते खालून म्हणाले.

मी चहा घेऊन उभी होते. तोंडातून निघूनच गेलं, "आवं मामंजी, फळीला रजा, आन् मला न्हाई व्हय?"

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मामंजी काउंटरखाली ते लांबट भोक बोटाने चाचपत राहिले.

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः मला स्टँडवर सोडायला आले. पंधरा दिवसांची रजा मंजूर. गाडी सुटताना खिडकीशी आले, नजर भलतीकडेच. "पोरी, कडंचं इस्क्रू ढिलं क्येल्यात. मधला पक्काच हाय. ध्यानात ठिव."

रजा संपायच्या आधीच मी परत आले. स्वयंपाकघरात बघते तर मिसळणाचा डबा चुलीशेजारी, मोकळा.

मामंजींना जाऊन आता वर्षं लोटली. मोकळा झाल्यापासून तो डबा वेळेला कधी सापडत नाही, आणि शोधताना मला त्यांची फार आठवण येते.