पडद्यावरचे शहात्तर मैल

स्क्रीनवर सहासष्ट आलं आणि डेसमंडने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बॅट मीच फिरवली होती.

डेसमंड माझा बॉस. सिंगापुरात आंग मो किओच्या ऑफिसात आम्ही बेसबॉलच्या बॅटच्या मुठीला बसवायचा सेन्सर बनवत होतो. बॅट किती वेगाने फिरली, ते तो सांगतो. तो खरं सांगतोय की नाही हे तपासणं, म्हणजे कॅलिब्रेशन, हे माझं काम. दुसऱ्या दिवशी लाँच होता आणि जाळीत बॅट फिरवत होता चेन, आमचा ब्रँड अँबॅसडर.

चेन तैवानचा. पॉवर हिटर, आपल्या भाषेत षटकारवाला. असा खेळाडू कितीदा हुकला हे कोणी विचारत नाही. लागला की चेंडू प्रेक्षकांत जायला हवा. फील्डिंग त्याची कधीच सुटली होती, टीममध्ये असायचा तो फक्त बॅटिंगपुरता. त्यामुळे बॅट मंदावली की संपलं. मागच्या सीझननंतर क्लबने त्याला सोडलं होतं. ताशी सहासष्ट मैल हा चाळिशीच्या माणसाला छान वेग आहे, पण त्यावर कुठलाही क्लब करार करत नाही.

"किती आला?" चेनने जाळीतून विचारलं. स्क्रीन त्याला दिसत नव्हती.

"वॉर्म-अप ओन्ली, ला! मशीन सेट होतंय," डेसमंड ओरडला. मग मला हळूच म्हणाला, "उद्या क्लबवाले येणार. हा आकडा दाखवू त्यांना? डेमो मोड टाक. दहा मैल वाढव."

"सेन्सर बरोबर आहे."

"मी कुठे चूक म्हणतोय? डेमो ओन्ली."

"मी नाही करणार."

"तुझा ईपी याच वर्षी रिन्यू व्हायचाय ना?"

ईपी म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, परदेशी माणसाला इथे नोकरी करायचा परवाना. तो कंपनीच्या अर्जावर मिळतो. सेंगकांगचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं त्या एका पासला टांगलेलं. तरी मी नाही म्हटलं. काही अडलं नाही. ॲप टीमने ते काम कॉफी पिता पिता उरकलं.

लाँचला स्क्रीनवर शहात्तर आलं. टाळ्या पडल्या. चेन मात्र नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. "परत," म्हणाला. परत फिरवली. सत्त्याहत्तर. त्याने बाहीने डोळे पुसले. डेसमंडने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

नंतर चेन मला कॉरिडॉरमध्ये भेटला. अमेरिकेत काही वर्षं खेळल्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायचा.

"गावच्या ज्युनिअर टीमने मला कोच म्हणून बोलावलंय. या आठवड्यात कळवायचंय. हो म्हणणार होतो. आता नाही म्हणतो. ट्रायआउटला जातो." ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी.

"चेन, थांब. तो डेमो मोड होता. आकडा दहाने वाढवलाय. खरा सहासष्ट, सदुसष्ट आहे."

मी लॅपटॉप उघडून त्याला मूळ डेटा दाखवला.

"हे कोणी बनवलं?"

"मी."

"आणि स्क्रीनवरचं?"

"कंपनीने."

तो हसला. "तू बेसबॉल खेळलायस?"

"नाही. क्रिकेट. तेही सोसायटीत."

तेवढ्यात डेसमंड आला. चेनने त्याला सरळच विचारलं. डेसमंडने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रसाद ना? हा नेहमीच असा. इंजिनिअर, ला. स्क्रीनवर दिसतो तोच आकडा." आणि चेन समाधानाने निघून गेला. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. डेसमंडचा आला, आणि खरं सांगतो, चेनचाही आला.

ट्रायआउटला त्याची बॅट प्रत्येक चेंडूला उशिरा पोचली. कोणी घेतलं नाही. ज्युनिअर टीमने तोवर दुसरा कोच नेमला होता. हे सगळं त्याने स्वतःच मला फोनवर सांगितलं.

"प्रसाद, त्या दिवशी शहात्तर होतं. तिथे काय झालं माझं?"

मी पुन्हा सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "तो लाँचचा व्हिडिओ पाठवशील? पुढच्या क्लबला दाखवतो."

माझा पास त्या कंपनीने रिन्यू केला नाही. घरी खूप कटकटी झाल्या. आता दुसऱ्या कंपनीत लिफ्टचे सेन्सर तपासतो. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे, ते निदान डेमोसाठी कोणी बदलायला सांगत नाही. आधीच्या नोकरीत एवढं शिकलो, की खरा आकडा माहीत असून भागत नाही. स्क्रीन कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघावं.

चेनला मी तो व्हिडिओ पाठवला नाही. डेसमंडने लगेच पाठवला, कंपनीच्या लोगोसकट.