पुरातली बाई आणि चिरलेली कादंबरी

कादंबरीच्या पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर लेखकानं नायिकेला भर पुरात ढकललं आणि स्वतः कित्येक वर्षं गप्प बसला. तेवढ्या काळात आमच्या मुरुम गावातली पाळण्यातली पोरं बोहल्यावर चढली, माझं डोकं तुळतुळीत झालं. बाई आपली पाण्यातच.

अखेर दुसरा भाग आला. आमच्या घरची रीत अशी, की पुस्तक एकच घ्यायचं, विळ्यानं मधोमध चिरायचं. अर्धं माझं, अर्धं तेरखेड्याच्या दाजींचं. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. जावयाचा मान म्हणून तुकडा त्यांनी आधी निवडायचा. आणि हा भला माणूस दरवेळी शेवटचा उचलतो! म्हणे, "सुरुवातीला काय अस्तंय? नुसती वळखपाळख."

मी पूर्वार्ध उघडला. लेखकाचा हात अजून गोड, खोटं कशाला बोलू? जत्रेतली भजी अशी तळलीत, की शेजारचं मांजर येऊन पान चाटून गेलं. पण बाई कुठाय? नायक नदी सोडून मावसबहिणीच्या लग्नाला गेला. लग्न तरी किती लांबवावं! खाली पडलेल्या अक्षता उगवल्या, त्यांना लोंब्या धरल्या, तरी पंगती उठेनात.

शेवटी दाजींना फोन लावला. "बाई जगली का?"

"असली गोष्ट फोनवर सांगत्यात व्हय? जेवायलाच या."

नळदुर्गाजवळ ट्रकांच्या रांगेत एसटी अशी अडकली, की वाटलं, बाई म्हातारी होऊन मरंल. तेरखेड्यात दाजी त्यांच्या फटाके बनवायच्या शेडमधून आले ते अंगभर चंदेरी भुकटी घेऊन.

"जगली का न्हाय, तेवढं सांगा."

"आधी तुम्ही सांगा, पाव्हणं."

"मी? माझ्याकडं सुरुवात हाय!"

"म्हणूनच की! माझ्या अर्ध्यात तिचं नावच न्हाय. म्हटलं, जे झालं ते तुमच्याकडंच झालं आसंल. इच्यारायची लाज वाटली, म्हणून जेवायला बोलावलं."

बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघांनी मिळून एक बाई हरवली!"

दाजींनी डोळे बारीक केले. "खरं बोला, लग्नाची पानं गाळलीत ना?"

"तुम्हीच शेवट नीट वाचला नसंल!"

त्यांनी माझ्या पिशवीतला तुकडा ओढला, मी त्यांचा. भाकरी गार झाली, बहीण गरम झाली. बाईचा पत्ता अजून नव्हताच. पण दाजींच्या अर्ध्यात होड्यांचा पाठलाग असा रंगला होता, की लेखकाला शिव्या द्यायलाही मान वर करवेना.