न उघडलेली पेटी

काळ्या रबरी वॉशरांचा ढीग, त्यावर तिरपी पडलेली दुपारची उन्हं, आणि त्या ढिगाशेजारी मांडी घालून, छोट्या कात्रीनं एकेका वॉशरची जादा कड कापत, संगणकाकडे कान लावून बसलेली आई... भोसरीतल्या आमच्या दोन खोल्यांचं बालपण आठवलं की आधी हेच दिसतं. घरभर रबराचा उग्र, किंचित गोडसर वास असायचा. तो कपड्यांत, गाद्यांत, अगदी पोळ्यांच्या डब्यातही शिरलेला. समोरच्या वर्कशॉपमधून लेथची लांबलचक घरघर यायची, आणि पहिल्या शिफ्टहून आलेले बाबा आतल्या खोलीत झोपलेले, म्हणून आम्ही सारे हलक्या आवाजात बोलायचो.

त्या जुन्या संगणकावर दादानं कुठूनतरी एक खेळ आणून घातला होता. लढाई संपल्यावर एक शिपाई पायी घरी निघतो; वाटेत माणसं भेटतात, बोलतात — पुष्कळच बोलतात. दादा खेळायचा, मी इंग्रजी संवाद वाचून मराठीत सांगायचे, आई ऐकायची. सायबर कॅफेतली पोरं या खेळाला नाकं मुरडत. "वाचायचंच असेल तर शाळा काय वाईट आहे राव?" असं दादाचा मित्र प्रवीण म्हणे. रद्दीतून आणलेल्या मासिकातल्या समीक्षकानंही, गोष्ट फार आणि खेळ थोडा, असा शेरा मारलेला. आईला मात्र एकच गोष्ट हवी होती. त्या शिपायाला त्याची आई भेटते का, हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. तिची स्वतःची आई गेली तेव्हा ती वेळेत गावी पोहोचू शकली नव्हती.

अडलं ते पुलापाशी. पुलावरच्या धिप्पाड पहारेकऱ्याला हरवायला जी तलवार हवी, ती अलीकडच्या गावातल्या एका आंधळ्या बाईच्या पेटीत होती. असले खेळ खेळणारे कुणाच्याही घरात बेधडक शिरून पेट्या, मडकी धुंडाळतात. तो रिवाजच आहे. दादानं बाईचं दार उघडलं आणि आईची कात्री थांबली.

"न विचारता कुणाच्या घरात कशाला शिरायलास?" लातूरकडची बोली तिच्या जिभेवरून कधी गेली नाही.

"आई, खेळ आहे हा. सगळेच घेतात."

"घेऊ दे. चोरी करून आलेला लेक त्या माऊलीला काय करायचाय?"

मग सुट्टीभर आमचा शिपाई बोथट तलवार घेऊन पुलावर मरत राहिला. प्रवीण हसून हसून बेजार झाला. दादा चिडायचा, कीबोर्ड ढकलून द्यायचा, आणि आई मूठभर वॉशर पुढ्यात ओढून शांतपणे म्हणायची, "पुन्हा जा." पहारेकरी कधी वळतो, कधी दमतो, हे मी निरखून सांगू लागले... आणि शाळा उघडायच्या थोडं आधी, एका दुपारी, तो पडला. दादा ओरडलासुद्धा नाही. बाबा झोपले होते.

शिपाई घरी पोचला. त्याची म्हातारी आई दारात आली, तिनं त्याच्या रिकाम्या झोळीत हात घालून पाहिला, आणि हसली. मग आत नेऊन त्याला पान वाढलं. "जेवला," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून कामाला लागली.

आई आता नाही. मध्यंतरी तोच खेळ नव्या रूपात निघाला, आणि मी खेळाडूंची मतं वाचत बसले. कुणाला संवाद आवडले, कुणाला संगीत; पण शेवटावरून भांडणं. म्हातारी दार उघडते, झोळी चाचपते, आत वळते आणि कडी लावून घेते — एवढंच. कुणा समीक्षकाला हा शेवट निष्ठुर वाटतो, कुणाला थोर. मी लिहिलं, आम्ही ती पेटी उघडली नव्हती, आणि आमच्या घरी ती हसली होती. खाली उत्तरं आली : त्या तलवारीवाचून पूल ओलांडणं अशक्य आहे, थापा मारू नका.

पुरावा कुठून आणू? संगणक केव्हाच भंगारात गेला. आणि खरं सांगायचं तर मला वाद जिंकायचाच नाही. त्या हसण्याकडे पाहताना आईचा चेहरा कसा झाला होता, ते आताशा पुसट होत चाललंय, आणि त्याची मला भीती वाटते. म्हणून रविवारी दादा चऱ्होलीहून येतो आणि आम्ही खेळायला बसतो. नवा पहारेकरी फार चपळ आहे. दादाची बोटं पूर्वीची राहिलेली नाहीत. वहिनी म्हणते, एकदा उघडा की ती पेटी. दादा शिपायाला पुन्हा पुलाकडे नेतो. या रविवारीही पूल ओलांडता आला नाही. पुढच्या रविवारी तो सकाळीच येणार आहे.