बाईंची अंगतपंगत

महाळुंग्यातल्या एका शाळेत मी शांततेची, सहिष्णुतेची पत्रकं वाटायला जातो. चौथीच्या बाई ती कधीच पूर्ण वाचत नाहीत. "तुमचे शब्द फार जड असतात हो दादा," म्हणतात आणि हसतात.

त्यांचा धडा मधल्या सुट्टीत चालायचा. मुलं गोल करून डबे उघडायची. नियम एकच होता, शेजारी दुसऱ्या मुलखातलं पोर हवं आणि त्याच्या डब्यातला एक घास खायचा. लातूरची शेंगदाण्याची चटणी बिहारच्या लिट्टीला लागायची. बाई वाकून प्रत्येक डब्याचा वास घ्यायच्या आणि डोळे मिटून "अहाहा!" करायच्या. पोरं खिदळायची.

मग काही पालक तावातावाने आले. "परप्रांतीयांच्या घरचं आमच्या पोरांनी का खायचं?" मुख्याध्यापकांनी लगेच अंगतपंगत बंद केली. आता ज्याने त्याने आपापल्या बाकावर खायचं. भिंतीवर मात्र 'आपण सारे जगाचे नागरिक' तसंच रंगवलेलं! लाज कशी वाटत नाही?

"बाई, भांडा ना! मी सह्या गोळा करतो," मी म्हणालो.

"आणि उद्या त्या पालकांची पोरं हिच्याशी बोलायचीच बंद झाली तर?"

'ही' म्हणजे बिहारची एक मुलगी. ती कोपऱ्यातल्या बाकावर एकटीच जेवत होती. बाई तिच्याशेजारी अंग चोरून बसल्या.

"मला देतेस एक घास?"

मुलीने डब्यावर झाकण घट्ट दाबलं. "नको बाई. तुम्हाला पण ओरडतील."

बाईंचा पुढे आलेला हात तसाच राहिला.